आधी कच्ची आकृती

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरमध्ये आहेस, तर एआयवर बोल. पण जेवणानंतरचं भाषण आहे, झोप येईल असं काही नको." म्हणून मी सुरुवात भूमितीच्या तासापासून करते. तिथे झोपायची कुणाची हिंमत नव्हती.

त्रिकोण काढायला सांगितला की आपण लगेच कंपासपेटी उघडायचो. बाई म्हणायच्या, "कंपास खाली. आधी कच्ची आकृती." प्रमेयातही तेच. आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता. उत्तर बरोबर आलं तरी कच्ची आकृती नसेल तर बाई गुण कापायच्या. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून कबूल करते, तेव्हा मला फार राग यायचा. तुमचं म्हणणं मला आत्ता कुठे पटलं, आणि तेही आपल्या काशीगावातल्या एका सोसायटीच्या बिलामुळे.

सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी मला लहानपणापासून पाहिलेलं. ते म्हणाले, "देखभालीची बिलं वहीत लिहून हात दुखतो, काहीतरी करून दे." मी कोड लिहिणारं एक एआय साधन उघडलं आणि दोन ओळींत काम सांगितलं. अर्ध्या तासात सगळं तयार! बिलं, पावत्या, थकबाकीची यादी. काका खूश, मीही खूश.

तीन महिन्यांनी एक आजी मला शोधत आल्या. हातात बिल. आजी आता मुलाकडे विरारला राहतात आणि इथल्या घरात त्यांची मुलगी आणि जावई राहतात. प्रोग्रॅमने एवढंच पाहिलं की मालक घरात राहत नाही, आणि बिनभोगवटा शुल्क लावलं. सेवाशुल्क १,४०० रुपये, त्याचे १० टक्के म्हणजे महिन्याला १४०. आजींनी नेहमीचीच रक्कम भरली. तीन महिन्यांत थकबाकी झाली ४२० रुपये. आकडाही नेमका तोच! आणि प्रोग्रॅमने आपण होऊन त्यांचं नाव थकबाकीदारांच्या यादीत घातलं. ती यादी जिन्याखालच्या फळ्यावर लागली.

आजी म्हणाल्या, "अगं, पैशांचं काही नाही. पण एवढ्या वर्षांत माझं नाव कधी फळ्यावर लागलं नव्हतं."

नियम काय आहे? बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे राज्य सरकारने २००१ सालीच ठरवून दिलंय. आणि घरात आई-वडील, भावंडं, मुलगा, मुलगी, जावई, नातवंडं असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर ते लावायचंच नसतं. १० टक्के प्रोग्रॅमला माहीत होते, जावई माहीत नव्हते. त्याने मला विचारलं नाही, मी त्याला सांगितलं नाही. हिशेब अचूक होता, गृहीत धरलेली गोष्ट चुकीची होती. चूक माझी. मी कच्ची आकृती काढलीच नव्हती.

त्यानंतर मी साधन बदलायचं ठरवलं. आता आधी आराखडा आणि मग कोड, असं चालणारी साधनं आली आहेत. ॲमेझॉनने जुलै २०२५ मध्ये किरो आणलं. ते आधी तीन कागद तयार करतं. एकात काय हवं, दुसऱ्यात ते कसं बांधायचं, तिसऱ्यात कामांची यादी. म्हणजे साध्य, रचना आणि सिद्धतेच्या पायऱ्याच की! गिटहबचं स्पेक किट त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलं. कर्सर आणि क्लॉड कोड यांतही आधी आराखडा, मग तुमची मंजुरी, मग कोड अशी सोय आहे.

किरो गरजा ज्या साच्यात लिहितं तो मला फार आवडला. "जेव्हा अमुक घडेल, तेव्हा प्रणालीने तमुक करावे." हा साचा रोल्स-रॉइसमधल्या ॲलिस्टर मेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडला, तो विमानाच्या इंजिनांच्या कामासाठी. तिथे 'साधारण असं असं' म्हणून चालत नाही.

मी कुठलं घेतलं ते सांगत नाही, सहा महिन्यांत नावं बदलतील. निवडलं कसं, ते सांगते. प्रत्येकाला हेच सोसायटीचं काम दिलं आणि तीन गोष्टी पाहिल्या. मी हो म्हणेपर्यंत ते थांबतं का? जिथे माहिती अपुरी आहे, तिथे प्रश्न विचारतं का? आणि आराखडा कोड न जाणणाऱ्या माणसाला वाचता येतो का?

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. मी आराखडा मराठीत मागितला, छापला आणि काका आणि आजींसमोर ठेवला. त्यात वाक्य होतं, "जेव्हा घर भाड्याने दिलेले असेल किंवा मालक तेथे राहत नसेल, तेव्हा बिनभोगवटा शुल्क लावावे." म्हणजे नव्या साधनानेही तीच चूक केली होती! पण या वेळी ती कागदावर होती. आजींनी माझं पेन घेतलं आणि खाली लिहिलं, "मुलगी-जावई सोडून." काका म्हणाले, "आणि थकबाकीची यादी मी पाहिल्याशिवाय फळ्यावर जाणार नाही, तेही लिही." दोन ओळी खोडल्या, दोन घातल्या, मग कोड. आजींचे ४२० रुपये वजा झाले आणि काकांनी फळ्यावर दुरुस्तीची सूचना लावली.

म्हणून सांगते, आराखडा काढणारं साधन शहाणं असतंच असं नाही. लहानसहान कामाला, एका बटणाचा रंग बदलायला, ते चार पानं लिहून ठेवतं आणि वैताग येतो. आणि न वाचता हो म्हटलं, तर तो आराखडा म्हणजे शेजारच्याच्या वहीतून उतरवलेली कच्ची आकृती. त्याचा उपयोग एकच, पण मोठा. चूक खोडरबराने पुसता येते तेव्हाच ती दिसते, आणि ज्यांना त्या चुकीचा त्रास होणार असतो त्यांनाच ती आधी दाखवता येते.

येताना आपण सगळ्यांनी मेट्रोचे खांब पाहिले असतील. दहिसर ते काशीगाव चाचणी १४ मे २०२५ ला झाली. एकदा काँक्रीट ओतलं की खांब चार फूट सरकवता येत नाही, कागदावर तो हवा तिथे सरकतो.

बाई, तेव्हा कापलेले गुण परत मागत नाही. ते बरोबर कापले होते.