कोठडीतला मृत्यू आणि ‘हेतू’ची पळवाट
(कल्याण येथे वस्तीपातळीवरील कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)

२३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी मुंब्रा बायपासवर, पोलिसांच्या गाडीत, अक्षय शिंदे गोळी लागून मेला. बदलापूरच्या दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराचा तो आरोपी होता. तळोजा तुरुंगातून त्याला बाहेर काढलं होतं, हातात बेड्या होत्या. त्याने पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, म्हणून आम्ही स्वतःच्या बचावासाठी गोळी घातली, असं पोलिसांनी सांगितलं. काही ठिकाणी पेढे वाटले गेले. तेव्हापासून वस्तीतल्या बायका मला विचारतात, “ताई, मेला तर मेला. तुम्ही कशाला त्याची बाजू घेता?”

प्रश्न रास्त आहे. आपण त्याची बाजू घेत नाही आहोत. पण उत्तर द्यायचं तर आधी कायदा समजून घ्यायला हवा.

माणूस मारला गेला की कायदा पहिल्यांदा मारणाऱ्याच्या मनात काय होतं ते विचारतो. त्यावरून गुन्ह्याच्या पायऱ्या ठरतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण जुने आकडे आपल्या तोंडात बसलेत म्हणून दोन्ही सांगते. सर्वांत वरची पायरी खुनाची, जुनं कलम ३०२, आता १०३. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप. त्याखाली सदोष मनुष्यवध, म्हणजे ३०४, आता १०५. जीव घ्यायचा हेतू नव्हता, पण जीव जाऊ शकतो याची जाणीव होती, असं ठरलं तर जास्तीत जास्त १० वर्षं. त्याखाली निष्काळजीपणा, ३०४-अ, आता १०६. जुन्या कायद्यात २ वर्षं, नव्यात ५. आणि एक कलम खास कबुलीसाठी केलेल्या मारहाणीचं, जुनं ३३०, आता १२०. त्यात ७ वर्षांपर्यंत शिक्षा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. खून ठरायला ‘याला ठारच मारायचं’ असं मनात असावंच लागतं असं नाही. जी इजा एरवी माणसाचा जीव घ्यायला पुरेशी असते, तीच इजा मुद्दाम केली असेल तरी तो खूनच. म्हणजे “आम्हाला फक्त त्याला बोलतं करायचं होतं” एवढ्याने सुटका होत नाही. मात्र खुनाच्या कलमाला अपवाद आहेत. स्वसंरक्षणात मर्यादा ओलांडली, किंवा सरकारी नोकराने मनात आकस न ठेवता, कर्तव्य समजून अधिकाराबाहेर बळ वापरलं, तर गुन्हा एक पायरी खाली येतो. वर्दीतला आरोपी हमखास या अपवादांचा आधार घेतो.

प्रत्यक्षात काय होतं? नागपूरला १९९३ साली पोलिसांनी एका माणसाला चोरीच्या संशयावरून उचललं. मारहाणीत तो मेला. पोलिसांना शिक्षा झाली ती ३३० खाली, तीन वर्षं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सात वर्षं केली. त्या कलमात याहून जास्त शिक्षाच नाही. माणूस मेला आणि शिक्षा मारहाणीची, तीही पंचवीस वर्षांनी.

असं का होतं? हेतू सिद्ध करायला साक्षीदार लागतात. कोठडीत साक्षीदार कोण? पोलीस. स्टेशन डायरी कोण लिहितं? पोलीस. पंचनामा, जबाब, मुद्देमाल, सगळं त्यांच्याच हातात.

मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन नाही. सून जळून मेली की “स्टोव्हचा भडका उडाला” हेच ऐकू यायचं. बंद दाराआडचे साक्षीदार सासरचेच. आपण रस्त्यावर उतरलो, आणि १९८६ साली हुंडाबळीचं कलम आलं. लग्नापासून सात वर्षांत संशयास्पद मृत्यू आणि हुंड्यासाठी छळ, एवढं दाखवलं की पुढचा खुलासा सासरच्यांनी करायचा. त्याआधी, मथुरा प्रकरणात देसाईगंजच्या पोलिसांची १९७८ साली निर्दोष सुटका झाली, म्हणून देशभर आंदोलन झालं. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाले आणि बाईने ‘माझी संमती नव्हती’ सांगितलं, तर कोर्टाने ते मानून चालावं असं ठरलं.

हाच न्याय कोठडीतल्या मारहाणीला लावा, असं विधी आयोगाने १९८५ साली सुचवलं होतं. कोठडीत इजा झाली, तर ती पोलिसांनीच केली असं कोर्टाला गृहीत धरता यावं, अशी ती तरतूद. ती आली नाही. २०२३ च्या नव्या साक्ष कायद्यातही नाही. नवरा, सासू यांना जाब विचारणारा कायदा ठाणेदारासमोर गप्प बसतो.

आता परत मुंब्रा बायपासकडे येऊ. दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल २० जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. गाडीतल्या पाचही पोलिसांना त्यात मृत्यूला जबाबदार धरलं होतं. वापरलेलं बळ समर्थनीय नव्हतं असंही म्हटलं होतं. तरी गुन्हा नोंदवण्यासाठी न्यायालयाला ७ एप्रिल २०२५ ला आदेश द्यावा लागला. त्यातलं काय टिकेल ते खटल्यात ठरतं. पण खटला उभाच राहू नये, यासाठी किती आटापिटा होतो ते पाहा.

आणि त्या दोन मुलींचं काय? आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला बंद होतो. त्यांचं म्हणणं खरं होतं असा निकाल त्यांना त्याच्याविरुद्ध कधीच मिळणार नाही. २० ऑगस्टला बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरलेल्या आयाबायांचा राग पहिल्यांदा पोलिसांवरच होता, तक्रार घ्यायला उशीर केला म्हणून. त्याच पोलिसांनी एक गोळी झाडली आणि त्या उशिराचा जाब विचारायचं आपण विसरलो! आज ज्याच्या मरणावर पेढे वाटले, त्याच्या जागी उद्या चोरीच्या संशयावरून उचललेला आपल्या वस्तीतला पोरगाही असू शकतो.

म्हणून कामाचं सांगते. कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी कायद्याने बंधनकारक आहे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९६. तहसीलदारांच्या चौकशीवर भागवून घेऊ नका. मृतदेह २४ तासांत तपासणीसाठी पाठवायचा असतो. चौकशीच्या वेळी, शक्य असेल तिथे, नातेवाइकांना हजर राहता येतं. शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत मागा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. आणि त्या घरची बाई पोलीस ठाण्यात जाईल तेव्हा तिला एकटीला पाठवू नका. आपल्यातल्या चारजणी तिच्याबरोबर जा.