रंगांची रोजनिशी

रोजनिशी म्हटली की शाई आणि अक्षरे डोळ्यांपुढे उभी राहतात. कोण भेटले, काय घडले, किती खर्च झाला, एवढे तीत उतरले म्हणजे लिहिणाऱ्याचे समाधान होते. परंतु दिवस मनाला कसा वाटला, हे त्या पानांतून पुष्कळदा निसटून जाते. कारण प्रत्येक भावनेला हाताशी शब्द असतोच असे नाही. तेथे रंग उपयोगी पडतो.

रंग आणि भाव यांचे नाते जुनेच आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक वर्ण नेमून दिलेला आहे: हास्याला शुभ्र, रौद्राला रक्त, अद्भुताला पीत, आणि करुणाला कपोताचा, म्हणजे पारव्याचा. मराठी माणूस 'पारवा' हे रंगाचे नाव घेतो तेही त्याच पक्ष्यावरून. आमसुली, डाळिंबी, अंजिरी, अबोली ही नावेसुद्धा स्वयंपाकघरातून आणि परसातून आलेली आहेत. पाहण्याची सवय होती, म्हणूनच भाषेला ही समृद्धी लाभली.

पुणे-नाशिक रस्त्यावरील मंचरचे उदाहरण घ्यावे. वाटसरूला ते कांदा-बटाट्याच्या बाजाराचे गाव म्हणून ठाऊक. तेथील एखाद्या गृहिणीने रंगांची लहान पेटी घेऊन कांद्यासमोर बसावे. कांदा लाल, असे मन आधीच सांगून मोकळे होते. डोळ्याला मात्र टरफलावर तांबूस, गुलाबी आणि देठाशी जांभळट अशा छटा दिसू लागतात. घोडेगाव-भीमाशंकराकडील डोंगरही संध्याकाळी हिरवे राहत नाहीत. ते निळसर राखी होतात.

रीत अगदी साधी आहे. पानावर दोन चौकोन आखावे. खाली तारीख, ठिकाण व वेळ लिहावी. पहिल्यात डोळ्याला दिसलेला रंग भरावा, दुसऱ्यात मनाला जाणवलेला. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून किंचित गडद लावावा. राखी छटेसाठी पेटीतील काळा न घेता निळा व तपकिरी मिसळावा. चित्रकला येत नाही, ही सबब येथे चालत नाही. चौकोन कोणालाही भरता येतो.

थोर चित्रकारांनाही अशा वहीची गरज भासली आहे. प्रभाकर बरवे (1936–1995) यांनी आपल्या डायऱ्यांत टिपणे आणि रेखाटने जपून ठेवली. घड्याळ, पान, शंख अशा नित्याच्या वस्तूंनाच त्यांच्या चित्रांत प्रतिष्ठा मिळाली. त्यांचे चिंतन 1990 साली 'कोरा कॅनव्हास' या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, आणि 2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले.

काही महिन्यांनी ही वही चाळावी. त्याच ओसरीचा, त्याच वेळेचा पहिला चौकोन दिवसामागून दिवस बदामीच राहिलेला असतो; दुसरा मात्र केशरी होता तो हळूहळू पारवा होत गेलेला दिसतो. प्रकाशाचा वाटा कोणता आणि मनाचा कोणता, हे तेथे स्पष्ट होते. घरात चारचौघांपुढे न बोललेले दुःख असे नजरेस येते. वहीने ते नाहीसे होत नाही. परंतु जे दिसले त्याविषयी घरच्या माणसांशी बोलता येते, आणि पुष्कळ घरांत अडते ते नेमके या बोलण्याच्या आरंभापाशीच.