काठ कोणाचा?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना हिवाळी पाणपक्ष्यांवर बोलायला बोलावणं म्हणजे वऱ्हाड परतल्यावर मांडवाचं वर्णन करायला सांगण्यासारखं आहे. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब केव्हाच तिबेट-मंगोलियाच्या वाटेला लागले. पण बरंच झालं. घराच्या डागडुजीची गोष्ट पाहुणे गेल्यावरच काढावी.

लोणार सोडलं तर आपल्या वऱ्हाडात नाव घ्यावं असं नैसर्गिक सरोवर नाही. छत्री तलाव, वडाळी, मालखेड, अकोल्याजवळचा कापशी, महानचं काटेपूर्णा, सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा, सगळी माणसाची बांधकामं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही; तिथे धरण ही काही चैन नव्हे. पण पाणी मुरतं ते इथेच. पाणथळ जागांच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनी पिण्यासाठी वा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळले. म्हणजे आपले पक्षी ज्या पाण्यावर उतरतात, ते बहुतेक पाणी या नियमांच्या लेखी पाणथळच नाही! आणि 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेलं नांदूर मध्यमेश्वर? तेही गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळेच झालेलं. बंधारा कोणी बांधला, कशासाठी बांधला, याच्याशी बदकाला कर्तव्य नसतं.

त्याला कर्तव्य असतं काठाशी. जानेवारीच्या सकाळी एखाद्या उतरत्या तलावाच्या कडेला अर्धा तास नुसते बसा. आत खोलात लालसरी बुड्या मारताना दिसेल. अलीकडे तलवार बदक डोकं खाली, शेपूट वर करून तळ चाचपतं. त्याची मान पोचेल तेवढंच, वीत-दीड वीत पाणी त्याला हवं. त्याहून उथळात शेकाट्या आपल्या लांब तांबड्या काड्यांवर चालतो. आणि पाणी कालच सरकलंय त्या चिखलात चिमणीएवढा टिलवा, शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच मारत. पार उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रातून आलेला हा जीव. त्याचं पोट त्या ओल्या पट्टीतल्या अळ्या-किड्यांवर. पाणी उतरत जातं, पट्टी सरकत जाते, रोज नवं ताट. भरलेला तलाव बघून आपण खूश होतो. टिलव्याला तो उपाशी ठेवतो.

नेमक्या याच पट्टीत गाळपेर होते. पाणी हटलं की हरभरा, टरबूज. शेजारी मोटरपंप, पाण्यात जाळी. एकदा एका शेतकऱ्याला मी म्हटलं, थोडी जागा पाखरांना सोडा की. तो म्हणाला, "साहेब, माह्या आजाचं वावर या पान्याखाली गेलं. पाखरं तं उन्हाळ्यात जातीन, मी कुठी जाऊ?" मी गप्प बसलो. गाळपेरीत धरणग्रस्ताला प्राधान्य असतं ते त्याचसाठी. पक्षिप्रेमाच्या नावाखाली त्याच्या तोंडचा घास काढायचा, हे मला मान्य नाही.

माझं भांडण आहे ते सुशोभीकरणाशी. उताराच्या जागी दगडी भिंत, वर जॉगिंग ट्रॅक, रात्रभर दिवे, मधे कारंजं. तलावाचा हौद होतो आणि आपण फीत कापतो. गाळ काढण्याचंही तसंच. गाळ निघालाच पाहिजे, शेतात गेलाच पाहिजे. पण जेसीबीला सोपं म्हणून काठच उभा कापला, तर पाणी वाढतं आणि चिखलाची ती पट्टी कायमची जाते.

म्हणून मागणं लहानच आहे. प्रत्येक तलावाची एक बाजू, गावापासून लांबची, भिंतीवाचून आणि दिव्यांवाचून राहू द्या. गाळ काढताना तिचा उतार जपा. गाळपेरीचे पट्टे देताना त्या बाजूची पाण्यालगतची पन्नास पावलं फेब्रुवारीअखेरपर्यंत नांगरायची नाहीत, अशी एक अट घाला, आणि त्याबद्दल शेतकऱ्याला पट्ट्याची रक्कम माफ करा. वनखात्याला, पाटबंधारे खात्याला आणि महापालिकेला याचं पत्र आपण लिहू. मसुदा मी आणला आहे, दाराशी टेबलावर ठेवला आहे. जाताना सही करून जा.