पहारा आणि भरवसा

व्यसनातून सुटून आलेल्या माणसाला पुन्हा कामावर घ्यावे की नाही, हा प्रश्न आपल्या गावागावांतून पडत असतो. दारू सोडलेल्या गड्याच्या हाती बैलजोडी द्यायची का, यावर पारावर चर्चा झडते. पण हाच प्रश्न एखाद्या परिचारिकेच्या, म्हणजे नर्सबाईच्या बाबतीत पडला तर? रोग्याचा जीव जिच्या हाती आणि औषधांच्या कपाटाची किल्लीही जिच्या हाती, तीच औषधांच्या आहारी गेली आणि पुढे उपचार घेऊन बरी झाली, तर तिला रुग्णालयाचे दार उघडावे का? अमेरिकेत या प्रश्नाचा बराच विचार झाला आहे. त्यातून काय साधले आणि गाडे कुठे अडते, ते आज पाहू.

शिकलेली, सेवेची शपथ घेतलेली बाई या वाटेला जाते तरी कशी, असे कोणीही विचारील. सुरुवात बहुधा साधीच असते. रोग्यांना उचलून पाठ धरते, डॉक्टर वेदनाशामक गोळ्या देतात. रात्रपाळ्या, अपुरी झोप, घरची काळजी हे सारे असतेच. दुखणे थांबते, पण गोळी थांबत नाही. मग मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी कपाटातली औषधे दिसू लागतात. औषधाची माहिती असली म्हणजे त्यापासून संरक्षणही मिळते, असे नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे : रोग्यासाठी काढलेले इंजेक्शन तिने स्वतः घेतले, तर तो रोगी खाटेवर तळमळत राहतो. हा अपराध लहान नव्हे. म्हणून दयेचा विचार करताना आधी त्या रोग्याचा विचार करावा लागतो.

अमेरिकेत परिचारिकांच्या नोंदणीचा पहिला कायदा १९०३ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात झाला. आज प्रत्येक राज्याचे स्वतंत्र मंडळ असते. परवाना देणारे तेच आणि काढून घेणारेही तेच. व्यसनी परिचारिकेचा परवाना काढून घ्यायचा, एवढाच मार्ग पूर्वी ठाऊक होता. त्याचा परिणाम उलटा झाला. पोटावर पाय येणार म्हटल्यावर ती लपवू लागली, आणि मैत्रिणींनाही दिसत असून बोलवेना. पुढे १९८२ साली तिथल्या परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने या विषयावर ठराव केला, आणि १९८३ साली फ्लोरिडा राज्याने अशा परिचारिकांना उपचाराकडे वळवणारी योजना सुरू केली. इतर अनेक राज्ये त्याच वाटेने गेली.

आता परिवीक्षेवरचा परवाना म्हणजे काय, ते सांगतो. परवाना हाती असतो, पण अटींनी बांधलेला. कोणत्याही दिवशी बोलावणे येईल, त्या दिवशी लघवीची तपासणी द्यायची. अनेक ठिकाणी रात्रपाळी नाही, जादा पाळी नाही, गुंगीच्या औषधांना हात लावायचा नाही. दुसऱ्या परिचारिकेच्या देखरेखीखाली काम करायचे. वरिष्ठांनी ठराविक मुदतीने मंडळाला अहवाल धाडायचा. असे तीन वर्षे, पाच वर्षे चालते. शिवाय शिस्तभंगाची ही नोंद सार्वजनिक असते. कोणीही मालक संगणकावर ती पाहू शकतो.

आणि खरी मेख पुढेच आहे. अनेक ठिकाणी परिवीक्षेचा काळ मोजला जातो तो परिचारिका म्हणून काम केल्याचा. काम मिळाले नाही, तर मुदत पुढे सरकतच नाही. काम मिळाल्याशिवाय नाव स्वच्छ व्हायचे नाही, आणि नाव स्वच्छ झाल्याशिवाय काम कोणी देत नाही! पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नको म्हणावे, तशातली ही गत.

यातून वाट काढणाऱ्या बाया काय करतात? पहिली गोष्ट, मंडळाचा आदेश ओळीनओळ वाचतात. दुसरी, मालकापुढे तो आपण होऊन ठेवतात, कारण नोंद उघडीच आहे, आणि लपवलेले सापडले की उरलेली पतही जाते. तिसरी, जिथे गुंगीच्या औषधांचा संबंध फारसा येत नाही, अशा जागा शोधतात. मूत्रपिंडाच्या रोग्यांचे रक्त यंत्राने शुद्ध करण्याची केंद्रे, दूरध्वनीवरून सल्ला देण्याचे काम, विमा कंपन्यांतील कागद तपासण्याचे काम, अशा त्या जागा. पगार पूर्वीपेक्षा कमी असला, तरी कामाची जागा मंडळाला मान्य आहे का, हे आधी पाहून मगच रुजू होतात. दहा नकार आले, तरी अकरावा अर्ज करतात. १९९० च्या अपंगांविषयीच्या कायद्याचा त्यांना काहीसा आधार आहे. उपचार घेऊन नशेपासून दूर असलेल्या माणसाला केवळ जुन्या व्यसनापायी डावलू नये, असे तो सांगतो. आज नशा करणाऱ्याला मात्र त्याचा आसरा नाही.

पहारा आणि काम यांचा संबंध समजायला इतिहासातले एक उदाहरण उपयोगी पडेल. डॉक्टर विल्यम हाल्स्टेड हे अमेरिकेतले फार मोठे शल्यवैद्य. १८८४ साली कोकेनने शरीराचा भाग बधिर करण्याचे प्रयोग त्यांनी स्वतःवरच केले आणि ते व्यसनात सापडले. न्यूयॉर्कमधले त्यांचे काम संपल्यासारखे झाले. तेव्हा विल्यम वेल्च या स्नेह्याने त्यांना बाल्टिमोरला नेऊन आपल्या प्रयोगशाळेत काम दिले. रोग्याच्या खाटेपासून दूर, पण काम दिले! त्यातूनच पुढे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचा थोर शस्त्रक्रिया-विभाग उभा राहिला, आणि शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे वापरण्याची पद्धतही तिथूनच पसरली. परंतु हाल्स्टेड १९२२ साली वारल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९६९ साली, त्यांचे सहकारी ऑस्लर यांचे मागे ठेवलेले लिखाण छापले गेले, तेव्हा जगाला कळले की कोकेनच्या जागी मॉर्फिन आले होते आणि ते पुढेही चालू होते.

श्रोते हो, हाल्स्टेडना भरवसा मिळाला, पण पहारा मिळाला नाही. आजच्या परिचारिकेला पहारा मिळतो, पण भरवसा मिळत नाही. दोन्ही अर्धीच औषधे. पहारा हा अपमान नव्हे. 'ही आज शुद्धीवर आहे' असे जगाला सांगणारा तो साक्षीदार आहे. पण साक्ष ऐकून घेणारा कोणी नसेल, तर तिचा उपयोग काय?

आपल्याकडेही ही गोष्ट परकी नाही. पुण्यात १९८६ साली डॉक्टर अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभे केले, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला मदतीचा हात दिला. अशा केंद्रांतून माणूस घरी येतो, तेव्हा उपचाराचा पहिला भाग संपलेला असतो. दुसरा भाग गावाच्या हाती असतो. त्याला काम द्यावे, सुरुवातीला बेताचे द्यावे. पैशाची पेटी लगेच सोपवू नये, आणि तसे त्याला तोंडावर, पण गोडीने सांगावे. रोज त्याची विचारपूस करणारा एक माणूस नेमावा. शिक्षकबंधूंनी वर्गात एवढे जरूर पाहावे, की त्याच्या मुलाला कोणी 'दारुड्याचा पोर' म्हणून हाक मारणार नाही. तोल गेला, तर लपवायला नव्हे, सांगायला जागा असावी.

दुधाने तोंड पोळले म्हणजे माणूस ताकही फुंकून पितो. फुंकून प्यावे, त्यात काही चूक नाही. पण फुंकता फुंकता ताक ओतून देऊ नये, इतकेच माझे सांगणे आहे.