आधी जागा धरणारी बुरशी



आपल्यातले कुणी डॉक्टर झाले, कुणी शेती सांभाळली. मी मात्र इंग्लंडमधल्या पाइनच्या जंगलांत बुंधे तपासत फिरले. "एवढ्या लांब जाऊन बुरशी बघतेस?" असं काल जेवताना विचारलंत. म्हणून तिचीच गोष्ट सांगते.

तिचं नाव फ्लेबिओप्सिस जायगँटिया. नाव दांडगं, रूप साधं. तिला छत्री नाही, देठ नाही. कुजणाऱ्या पाइनच्या लाकडावर पसरलेला पांढुरका, मेणचट पापुद्रा, एवढंच. वाळला की त्याच्या कडा सुटून वर वळतात. ती मेलेल्या लाकडावर जगते.

पाइन तोडला की ओला बुंधा उघडा पडतो. हेटरोबॅसिडियॉन नावाच्या दुसऱ्या बुरशीचे बीजाणू हवेतून त्यावर येऊन पडतात. ती मुळांत उतरते आणि मुळाला मूळ भिडलेलं असलं की शेजारच्या जिवंत झाडात शिरते. उभं झाड मुळापासून सडतं. केंब्रिजच्या जॉन रिशबेथ यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात उपाय मांडला : ताज्या बुंध्यावर या पापुद्र्याचे बीजाणू आपणच आधी टाकायचे. ती लाकूड व्यापते, रोगाला जागा उरत नाही. आज ब्रिटनमध्ये, फिनलंडमध्ये हे बीजाणू पाण्यात मिसळून बुंध्यांवर फवारतात. ब्रिटनमध्ये त्यात निळा रंग घालतात, म्हणजे कुठला बुंधा राहिला ते लगेच दिसतं.

अट एकच, वेळेची. रोग मुळांत पोहोचल्यावर फवारून उपयोग नाही. ही बुरशी रोग बरा करत नाही. ती जागा आधी धरते.

सकाळी मुख्याध्यापकांनी सांगितलं, की शाळा सुटल्यावर बरीच मुलं रात्रीपर्यंत एकटी असतात, आईवडील कामावर. आपले ते तास बाईंनी उघड्या ठेवलेल्या ग्रंथालयानं आणि सरांच्या कबड्डीनं भरले होते. मोकळी जागा फार वेळ मोकळी राहत नाही. तिथे काहीतरी येतंच.

म्हणून माझी विनंती आहे. स्मृतिफलकासाठी जमवलेल्या वर्गणीतून संध्याकाळची अभ्यासिका सुरू करू या. गावात असलेल्यांनी आठवड्याची एक संध्याकाळ द्यावी. पुस्तकांचा खर्च माझ्याकडे, आणि महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर विज्ञानाचा तासही. पण ती याच जूनपासून सुरू व्हावी.