हुन्नर आणि दाखला



धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कुठेही जा. गॅरेजात, वेल्डिंगच्या दुकानात आपली मुले राबताना दिसतात. हात कसबी. पण कारखान्यात नोकरीला गेले की पहिला प्रश्न येतो, 'दाखला कुठे आहे?' तिथे इतक्या वर्षांची मेहनत मुकी होते.

म्हणून पालकांना विनंती, दहावी होताच मुलाला दुकानावर बसवू नका. त्याचा कल पाहून आयटीआयमध्ये व्यवसाय निवडू द्या, मुलीलाही. पुढे कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार त्या काळात विद्यावेतन मिळते. घराला तेवढाच आधार होतो, आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र हाती येते.

विद्यार्थी मित्रहो, दाखला दारापर्यंत नेतो. आत हुन्नरच बोलतो. मुलाखतीत 'कोणतेही काम चालेल' म्हणू नका. कोणते यंत्र उघडले, कोणता बिघाड काढला, ते साध्या मराठीत सांगा. येत नसेल ते 'येत नाही, शिकेन' म्हणा. मन लागते ते काम निवडा. मन लावून केलेले काम मालकाच्या नजरेतून सुटत नाही.