ॲपचा कॅमेरा कुणावर?
(मुळशी तालुक्यातल्या विद्यार्थ्यांपुढे केलेलं भाषण)



गावासाठी, वस्तीसाठी मोबाइलचं ॲप बनवायचं असं तुम्ही ठरवलंय. चांगलं आहे. मी मोडता घालायला आलेलो नाही. एकच सवाल घेऊन आलोय. तुमच्या ॲपचा कॅमेरा कुणाच्या तोंडावर रोखलेला असेल?

आधी पायाखालची माती बघा. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट तुरुंगात गेले. धरण झालंच. मुळशीचं पाणी घाटाखाली कुलाबा जिल्ह्यात भिऱ्याला उतरलं, त्याची वीज झाली, मुंबई उजळली. आणि त्याच कुलाबा जिल्ह्यात १९२७ साली महाडच्या तळ्यातलं ओंजळभर पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. पाण्यातून वीज काढायचं तंत्र आलं होतं, माणसाला पाणी पिऊ द्यायची अक्कल आली नव्हती. तंत्र आलं म्हणजे न्याय आला, असं कुणी सांगितलं तर हे आठवा.

आज याच तालुक्यात हिंजवडी आहे. तिथं जगाचे प्रोग्राम लिहिले जातात. तिथला संडास साफ करणारा कुठल्या वस्तीतून येतो, ते तुम्हाला सांगायला नको.

२०१६ साली केंद्र सरकारनं 'स्वच्छता' ॲप काढलं. कचरा दिसला, फोटो काढा, पाठवा. ठीक. पण त्या तक्रारीचा रट्टा शेवटी कुणाच्या पाठीत बसतो? मुकादम झाडूवालीवरच डाफरतो. फोटोत कचरा येतो. तिला हातमोजे मिळाले नाहीत, ठेकेदारानं पगार अडकवलाय, हे फोटोत येत नाही. रोजगार हमीवर २०२३च्या १ जानेवारीपासून ॲपवरची हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो. रेंज नसली, फोटो चढला नाही, की दिवसभर माती उपसूनही हजेरी पडेना. मजूर दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरून बसले. म्हणजे कॅमेरा होता, पण तो खाली रोखलेला होता.

आता दुसरी बाजू ऐका. त्याच मुंबईत धारावी आहे. तिथल्या शाळकरी मुलींनी 'धारावी डायरी' या उपक्रमात स्वतः ॲपं बनवली. 'ॲप इन्व्हेंटर' हे फुकट मिळणारं साधन वापरलं. त्यात ठोकळे जोडत जायचं असतं. एक ॲप बाईवर प्रसंग आला तर धोक्याचा आवाज करणारं, ओळखीच्यांना निरोप पाठवणारं. दुसरं 'पाणी', सार्वजनिक नळावर आपली पाळी आली की कळवणारं. हा प्रश्न कुठल्या साहेबाला सुचला असता? हंडा घेऊन जी रांगेत उभी राहते तिलाच तो सुचतो. आणि तरी पुढचा सवाल उरतोच. रांग नीट लागली, पण इतक्या घरांना नळ एकच का?

तो सवाल तुम्ही उचला. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १५ टक्के पैसा मागासवर्गीयांसाठी खर्च व्हायचा असतो. तुमच्या गावात किती झाला? कुठल्या गटारावर, कुठल्या दिव्यावर? माहिती अधिकाराचा कायदा २००५चा आहे. त्याचं कलम ४ सांगतं, सरकारी कार्यालयानं आपला हिशेब आपणहून मांडावा. मांडत नसतील तर अर्ज करा, मिळालेला आकडा ॲपवर चढवा, शेजारी त्या गटाराचा आजचा फोटो लावा. बघा कोण घामाघूम होतो.

पण सांभाळून. तक्रार करणाऱ्याचं नाव ॲपवर झळकलं, तर संध्याकाळी त्याचं दळण बंद होईल, सकाळी मजुरी बंद होईल. नाव लपवायची सोय ही पहिली सोय. ती नसेल तर ॲप काढूच नका. आणि जिच्याकडे साधा फोन आहे, जिला वाचता येत नाही, तिला बोलून तक्रार सांगता आली पाहिजे. नाहीतर वस्तीच्या नावानं वस्तीलाच बाहेर ठेवाल.

शेवटचं. ॲप म्हणजे मोर्चा नव्हे. बटण दाबून कुणाची खुर्ची हलत नाही. ॲपनं आकडा काढा, आकडा कागदावर घ्या, आणि कागद घेऊन वस्तीतल्या बायाबापड्यांसकट पौडच्या पंचायत समितीत जा. जाब तिथं विचारायचा आहे.

जय भीम!